चुडाव्याचं पान

लग्नात सारंगनं ताटातल्या तांदळावर बोटानं ‘मंजुषा’ असं लिहिलं आणि चुडाव्याच्या मुंजाजींची लेक भक्ती त्या दिवसापासून मंजुषा झाली. आठ वर्षांत ताडकळसच्या सासरी जुनं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. आधार कार्डावर नवं नाव आलं, रेशन कार्डावर आलं. जुनं नाव असलेला शाळेचा दाखला आईच्या पेटीत तळाला पडून होता. त्याशिवाय भक्ती मुंजाजी आणखी एकाच ठिकाणी शिल्लक होती. परभणीत मंजुषा ज्या ऑफिसात नोकरी करायची, तिथल्या डेटाबेसमध्ये. तिथं तिला मंजुषानंच ठेवलं होतं, आणि ती कुणाला दिसू नये याची काळजीही दर महिन्याला मंजुषाच घ्यायची.

ऑफिस एका संस्थेचं होतं. एकोणीस गावांतल्या बायांची नोंद तिथं व्हायची. कोणाला कितवा महिना लागला, कोणाच्या लेकराचं लसीकरण राहिलं, पाळणा लांबवायचं तीन महिन्यांचं इंजेक्शन कोणाला कधी द्यायचं, असं सगळं. गावोगावच्या सेविका फॉर्म भरून आणायच्या, मंजुषा ते कॉम्प्युटरवर चढवायची. महिना लागला की ती त्या महिन्यात तारखा असलेल्या बायांची यादी काढून सेविकांच्या ग्रुपवर टाकायची आणि सेविका एकेकीला फोन करून आठवण द्यायच्या. ताडकळसची सेविका होती हेमा, मंजुषाची थोरली जाऊ. ही जागा रिकामी झाल्याचं हेमाला मंजुषानंच सांगितलं होतं. घराबाहेर पडायला मिळालं म्हणून हेमा तेव्हा खूश झाली होती.

लेकीच्या, निवेदिताच्या बाळंतपणात मंजुषाचं रक्त थांबता थांबेना झालं होतं. चार बाटल्या चढवल्या. डॉक्टरांनी सारंगला आणि सासूबाईंना, कमलबाईंना, बाहेर बोलावून, आता पुढचा विचार करू नका, असं स्पष्ट सांगितलं. कमलबाईंनी ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर, डॉक्टर तसंच सांगतेत, म्हणून विषय संपवला. हेमाला दोन मुलीच, दुसरीच्या वेळीच तिचं ऑपरेशन झालेलं. तेव्हा नातवाची सगळी आशा मंजुषावर येऊन थांबली होती. निवेदितानंतर एक गर्भ चौथ्या महिन्यात गेला, तेव्हाही तसंच रक्त गेलं. सारंग दवाखान्यात तिच्या पायाशी बसून रडला होता. पण आईपुढं तो काही बोलला नाही, आणि बोलणार नाही हे मंजुषाला त्याच दिवशी कळलं.

ती दवाखान्यातून उठून कामावर आली, तेव्हा संस्थेच्या सिस्टर धम्मशीला इंजेक्शन देत बसल्या होत्या. मंजुषा बायांच्या रांगेत उभी राहिली. नाव विचारलं तर तोंडातून भक्ती मुंजाजी आलं, गाव चुडावा. धम्मशीलांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि लिहून घेतलं. फोन नंबर मात्र खरा घातला. काही त्रास झाला तर मला तू सापडली पाहिजेस, असं त्या म्हणाल्या होत्या.

त्याला दोन वर्षं झाली. या इंजेक्शननं कितीतरी जणींची पाळी बंद होते, तशी मंजुषाचीही झाली. आता घरात पाळी आली नाही म्हटलं की कमलबाई बोटांवर दिवस मोजायला लागायच्या. म्हणून मंजुषा दर महिन्याला तीन दिवस कडेला बसायची. नोकरीला जायची, पण घरी आल्यावर स्वयंपाकघरात पाऊल नाही, देवाकडं हात नाही, पडवीत वेगळी सतरंजी. कधी बसायचं याच्या तारखा तिनं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका एक्सेल फाईलमध्ये लिहून ठेवल्या होत्या. कधी अठ्ठावीस दिवसांनी, कधी तिसाव्या दिवशी, खरं वाटावं असं. त्या तीन दिवसांत आठ माणसांच्या भाकरी हेमा एकटी करायची. तवा आपटत करायची. पडवीत बसून तो आवाज ऐकताना मंजुषाला दर वेळी वाटायचं की उठावं आणि खरं सांगून टाकावं. मग गल्लीतली तानाजीची सून आठवायची. तिनं गोळ्या लपवल्या होत्या. सापडल्या त्या दिवशी पेटी घेऊन तिला माहेरी पाठवलं आणि मुलगी ठेवून घेतली. तीन वर्षं झाली. मुलगी आता शाळेत जाते आणि आईचं नाव विचारलं की गप्प बसते.

आतापर्यंत यादी एकच, लांबलचक असायची. सातशे ओळी. ग्रुपवर टाकायच्या आधी मंजुषा त्यातून भक्ती मुंजाजीची एक ओळ हातानं काढायची. तीन महिन्यांतून एकदाच ती यायची, आणि ती यायच्या महिन्यात मंजुषाला आठवडाभर आधीपासून जेवण जायचं नाही.

या महिन्यात ऑफिसप्रमुख अप्पाराव सरांनी नवीनच काढलं. सेविकांची तक्रार होती की मोबाईलवर सातशे नावांत आपलं गाव शोधता शोधता बोट दुखतं. फाईल एकच ठेवा, पण आत प्रत्येक गावाचं वेगळं शीट करा, सर म्हणाले. मंजुषा चार दिवस त्याच्यामागं लागली. डेटाबेसला आधी गावांची नावं विचारायची, मग एकेका गावासाठी बायांची नावं मागवणारी तीच क्वेरी पुन्हा चालवायची, त्या गावाच्या नावाचं शीट उघडायचं, पहिल्या ओळीत मथळे, खाली नावं. दोनदा सगळी नावं एकाच शीटवर एकावर एक जाऊन बसली. चौथ्या दिवशी एक बटण दाबलं आणि खाली एकोणीस गावं ओळीनं येऊन उभी राहिली, उखळी, चुडावा, ताडकळस, अशी. तिनं मथळ्यांना पिवळा रंग दिला. कितीतरी दिवसांनी तिला स्वतःचा अभिमान वाटला.

त्या आनंदातच चूक झाली. दोन वर्षांची भीती होती, त्यामुळं पाठवायच्या आधी तिनं हेमाचं पान उघडून बघितलंच. ताडकळस. वरून खाली दोनदा वाचलं. स्वतःचं काही नव्हतं. फाईल सेव्ह केली, ग्रुपवर टाकली. सरांनी चहा मागवला. आपण स्वतःला चुडाव्यात ठेवलंय, ही साधी गोष्ट तिच्या डोक्यातून गेली होती.

जेवायच्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि ग्रुपवर हेमाचा निरोप दिसला. चुडाव्याच्या तानुबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात, या महिन्यात चुडावा माझ्याकडं, आजच फोन करून टाकते.

मंजुषानं घास डब्यात परत टाकला.

तिनं फाईल उघडली. चुडावा, तेवीस नावं. सतरावी ओळ भक्ती मुंजाजी, वय एकतीस, इंजेक्शन, तारीख चौदा, आणि पुढं तिचा स्वतःचा दहा आकडी नंबर. तो नंबर हेमानं दाबला की हेमाच्या मोबाईलवर ‘मंजू’ असं येणार, वर तिचा पिवळ्या साडीतला फोटो. त्याचीही गरज नव्हती. मुंजाजी हे व्याह्याचं नाव घरातलं पोरही ओळखत होतं.

तिनं ग्रुपवरची फाईल सगळ्यांसाठी डिलीट केली, ओळ काढली, नवी फाईल टाकली, आणि खाली लिहिलं की आधीच्या फाईलमध्ये चूक आहे, ती वापरू नये. ‘वापरू’ तिला तीनदा लिहावं लागलं. सर केबिनमधून बाहेर आले, काय चूक होती म्हणून विचारलं. तारखांची, ती म्हणाली. कोणत्या गावाची, त्यांनी विचारलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

हेमाच होती. स्पीकर चालू होता, कारण मागं कमलबाईंचा खोकला स्वच्छ ऐकू येत होता. हेमा नेहमी तसंच करायची. तिनं नावं मोठ्यानं वाचायची आणि कमलबाईंनी रजिस्टरमध्ये लिहायची. चौथीपर्यंत शिकलेल्या कमलबाईंना त्या लिहिण्याची हौस होती, आणि मोतीबिंदू काढल्यापासून तर त्या दुकानाच्या पाट्याही वाचत फिरायच्या.

“मंजू, फाईल कामून काढून टाकलीस गं? मी तर आधीच उतरवून घेतली. पन ह्याच्यात ताडकळसच दिसायलंय. चुडावा कुठं हाय?”

मंजुषाला काय झालं ते कळलं. सेव्ह करताना तिच्यासमोर ताडकळसचं पान होतं, म्हणून फाईल त्याच पानावर उघडत होती. बाकीची गावं खाली बारीक अक्षरात होती, आणि हेमाला ती दिसली नव्हती. देवानं दार किलकिलं ठेवलं होतं.

“चुडावा त्यात आलंच नाही ताई,” ती म्हणाली. “तेच चुकलं. तुम्ही राहू द्या, मी इथून करते सगळ्यांना फोन.”

“नवी फाईल उतरवावी म्हनलं तर नेट संपलंय. पोरींनी सकाळीच व्हिडिओ बगून...”

“आगं हेमा,” मागून कमलबाईंचा आवाज आला, “हितं खाली बारीक काईतरी लिवलंय बग. चु, डा, वा. आन् शेजारी उखळी हाय.”

तिकडं काहीतरी टिकटिक झालं.

“हाय की मंजू,” हेमा म्हणाली. “तुलाच मालूम न्हाई का तुझ्या फाईलमधलं?” आणि फोन ठेवला.

दुपार कशी गेली ते मंजुषाला नंतरही सांगता आलं नसतं. फोन टेबलावर उताणा ठेवून ती बसली होती. एका बाईला तीन मिनिटं धरली तरी सतरावीपर्यंत पाऊण तास. दीडचे सव्वादोन. फोन बंद करून ठेवावा असं तिला वाटलं, मग लक्षात आलं की बंद असला तरी नाव तिकडं येणारच. आणि फोन लावायच्या आधी नाव वाचलं जाणार, मोठ्यानं, कमलबाईंना लिहून घेता यावं म्हणून. सव्वादोन झाले. अडीच झाले. धम्मशीला फॉर्म द्यायला आल्या, तोंड का उतरलंय म्हणाल्या. मंजुषानं सांगायला तोंड उघडलं आणि पाणी पिऊन मिटलं. तीन वाजले. फोन वाजला नाही. वाजला नाही याचा अर्थ नाव वाचून झालं होतं, आता वाजवायची गरज उरली नव्हती, असं तिनं धरलं.

चार वाजता सारंगचा फोन आला.

“आई म्हणाली, आज वेळेवर ये. बोलायचंय.”

काय बोलायचंय, तिनं विचारलं.

“मला काय माहीत. मी शेतात हाय. आवाज बरा न्हवता तिचा.”

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तिनं मनातल्या मनात बॅग भरली. निवेदिताचे शाळेचे कपडे, दप्तर, तिची रात्री लागणारी गोधडी. मग लक्षात आलं की ती निवेदिताचंच सामान भरत होती, आणि पाठवतील तर ते एकटीलाच. तेव्हापासून ताडकळसचा फाटा येईपर्यंत तिनं पुढच्या सीटची दांडी सोडली नाही.

कमलबाई ओट्यावर बसल्या होत्या. समोर सुपात तूर, पण हात सुपात नव्हते. निवेदिता चुलत बहिणींबरोबर अंगणात खेळत होती. मंजुषानं आधी तिच्याकडं बघून घेतलं.

“बस,” कमलबाई म्हणाल्या.

ती बसली. चप्पल पायातच राहिली होती.

“आज दुपारभर मी हेमासंगट नावं लिवली. चुडाव्याची बी लिवली, तुझ्या माहेरची.” कमलबाई थांबल्या. “कुनाला तिसरा, कुनाला आठवा. येकीच्या अंगात रक्त न्हाई तरी तिला सातवा हाय. आन् माझ्या घरात दोन वर्सं झाली, काईच न्हाई. मी मंगळवार धरते, अंगारा आनते, तू खातीस. मंग उनं कुठं पडायलंय?”

सासूबाईंना कळलंय की नाही, तेच मंजुषाला समजत नव्हतं.

“म्हनून ठरवलं. परभनीला मोठ्या डॉक्टरीनबाईला दाखवायचं. सगळ्या तपासन्या करायच्या. मी सवता संगट येनार आन् सवता इचारनार.”

म्हणजे कळलं नव्हतं. मंजुषाच्या छातीतला दगड खाली गेला आणि तिथंच दुसरा येऊन बसला. तपासण्या झाल्या की डॉक्टरीणबाई पहिलाच प्रश्न विचारणार, काही घेता का, आणि सासूबाई शेजारच्या खुर्चीत.

हात-पाय धुऊन येते म्हणून ती आत गेली. हेमा चुलीपुढं नव्हती, पाणी आणायला मागच्या दारी गेली होती. रजिस्टर भिंतीतल्या दिवळीत होतं. मंजुषानं ते ओढून घेतलं. चुडावा. कमलबाईंचं वाकडंतिकडं, मोठं अक्षर, एकेक नाव दोन ओळींत मावलेलं. पंधरा, सोळा. सतराव्या जागी अठरावं नाव होतं. ती खाली वाचत गेली. बाविसाव्या नावाला कमलबाईंचं अक्षर संपलं. त्याखाली हेमाच्या बारीक, घाईच्या अक्षरात तेविसावी ओळ होती. नाव नव्हतं. ‘भ. मु., तारीख १४. घरी जाऊन सांगितले.’

फोन लागला नाही की सेविका असंच लिहीत. पण सांगितलं अजून कुणीच नव्हतं.

मागच्या दाराशी बादली ठेवल्याचा आवाज झाला. हेमा आत आली, रजिस्टर बघितलं, मंजुषाच्या हातून काढून घेतलं आणि परत दिवळीत ठेवलं. परात पुढं ओढली. बाहेर कमलबाई सूप हलवायला लागल्या होत्या.

“तांदळात ते नाव लिवलं तवा मी ताटापाशीच हुते,” हेमा पीठ मळत म्हणाली, अगदी हलक्या आवाजात. “जुनं नाव काय म्हनून मीच इचारलं हुतं तुझ्या आईला. लय चांगलं हाय, कशाला बदलायलेत म्हनलं हुतं.”

“ताई...”

“इंजेक्शनचं मी काई म्हनत न्हाई. त्या दोन्ही टायमाला तुझी लुगडी मी धुतलीत, मला ठावं हाय किती रक्त गेलं ते.” तिनं पिठाचा उंडा मोडला. “पन धम्मशीला सिस्टरनं आमच्या ट्रेनिंगमदी सांगितलंय, ह्या इंजेक्शननं पाळी जाती. सतरावं नाव दिसलं आन् मला आधी ते आठवलं. मंग तू दर म्हैन्याला पडवीत कशाला बसतीस?”

बाहेर सुपाचा आवाज चालू आहे ना, ते मंजुषानं ऐकून घेतलं.

“चुलीपुढं माझं तोंड भाजायचं आन् तू तितं बसून निवेदिताला गोष्टी सांगायचीस.”

“आत्याबाई दिवस मोजतात, ताई. दुसरं काय करणार होते मी?”

“मला सांगायचं हुतं.” हेमानं भाकरी थापायला घेतली आणि ती मधेच थांबली. परात उचलून मंजुषापुढं ठेवली. “थाप. आन् आइक. हितून पुढं तू कडेला बसलीस की मी बी बसनार. त्याच दिवशी. तारीख आदल्या दिवशी मला कळली पायजे.”

“मग भाकरी?”

“करतेल की त्या. हात हाईत त्यांना.”

हेमा हसली नाही, त्यामुळं ही चेष्टा की धमकी हे मंजुषाला ठरवता येईना. दोघी एकाच दिवशी बसायला लागल्या तर कमलबाई काय म्हणतील, या विचारानं तिची पहिलीच भाकरी हातात फाटली. हेमानं उठून दारातून बाहेर आवाज दिला. डॉक्टरीणबाईंकडं आत्याबाईंनी कशाला दगदग करायची, तिथं सगळ्या आपल्या ओळखीच्या आहेत, चौदा तारखेला मीच मंजूला नेऊन आणते, असं तिनं सांगितलं.

सूप थांबलं.

“चौदाला?” कमलबाई म्हणाल्या. “चौदाला तर ही कडेला आसती. मागं सोळाला बसली हुती.”

मंजुषाच्या एक्सेल फाईलमध्ये कडेला बसायची या महिन्याची तारीखही चौदाच होती.

“त्याच दिवसांत या म्हनतेत बाई,” हेमा लगेच म्हणाली. “तवाच बरूबर कळतंय म्हने.”

डॉक्टरांचं काय सांगावं, असं काहीतरी पुटपुटत कमलबाई पुन्हा सूप हलवायला लागल्या. हेमा आत येऊन पाटावर बसली. कपाळावर घाम आला होता, तिच्याही. तिनं पदरानं तो पुसला, मग कनवटीचा मोबाईल काढला, चुडाव्याचं पान उघडून त्यातला एक नंबर लावला आणि मोबाईल मांडीवर ठेवला.

पडवीत खुंटीला अडकवलेली मंजुषाची पर्स वाजायला लागली.

मंजुषा पिठाच्या हातानं अर्धवट उठली. तोवर कमलबाई उठल्या होत्या. त्यांनी पर्समधून फोन काढला, डोळ्यांपुढं लांब धरला आणि एकेक अक्षर लावत वाचत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

“हे, मा. हेमाचा हाय.” त्यांनी आत बघितलं. “आगं, चुलीपुढं बसून हिला फोन कशाला करायलीस?”

“एका बाईला लागंना झालाय दुपारपासून,” हेमा म्हणाली. “माझाच बिघडलाय का काय, म्हनून बगायले.”

“लागायलाय की.”

“हो,” हेमा मंजुषाकडं बघत म्हणाली. “कवाबी लावला तरी लागतोय.”

कमलबाईंनी फोन पुढं केला. मंजुषानं पीठ न झटकता तो घेतला आणि वाजता वाजता बंद केला. सासूबाई लगेच गेल्या नाहीत. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी एकदा थोरल्या सुनेकडं बघितलं, एकदा धाकटीकडं, आणि परातीतल्या फाटक्या भाकरीकडं. मंजुषानं मान खाली घातली, भाकरी मोडून पुन्हा उंडा केला आणि थापायला लागली.